साष्टीचे पुराणिक : फादर थॉमस स्टीफन्स

मार्गशीर्ष सरत आला म्हणजे गोमंतकात आणि वसईच्या पट्ट्यात ख्रिस्ती घरांपुढे नाताळाचे तारे लागतात. हिंदू घरांत त्या सुमारास धनुर्मासाची लगबग असते. दत्तजन्माचा पाळणा नुकताच गाऊन झालेला असतो. शेजारच्या घरी ज्या बाळाचा जन्म गायिला जात आहे, ते बाळ जगाचे तारण करण्यासाठीच जन्मास आले, अशी त्या घराची श्रद्धा असते. तारण म्हणजे काय, ते कोणी कोणाचे करावयाचे आणि एकाने केलेले दुसऱ्यास कसे लाभावयाचे, हा प्रश्न कर्मसिद्धान्तावर वाढलेल्या मनास पडल्यावाचून राहत नाही. चारशे वर्षांपूर्वी साष्टीत या प्रश्नाचे उत्तर मराठी ओवीत दिले गेले. ते देणारे गृहस्थ जन्माने इंग्रज होते. फादर थॉमस स्टीफन्स हे त्यांचे नाव. मराठीची थोरवी गाणारे परदेशी कवी म्हणून ते बहुतेक वाचकांना ऐकून ठाऊक असतात. ज्या ग्रंथात ती थोरवी आली तो ग्रंथ कशासाठी लिहिला गेला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात बुश्टन नावाचे खेडे आहे. तेथे सुमारे १५४९ साली स्टीफन्स यांचा जन्म झाला. वडील व्यापारी, त्यांचेही नाव थॉमसच. मुलाचे शिक्षण विंचेस्टर येथे झाले. तो काळ इंग्लंडात धर्मक्रांतीचा होता. १५५८ साली राणी एलिझाबेथ गादीवर आली आणि रोमच्या धर्मगुरूस मानणाऱ्या जुन्या कॅथलिक पंथावर राजाज्ञेने बंदी आली. त्या पंथाची उपासना करणे हा दंडनीय अपराध ठरला. स्टीफन्स जुन्या पंथाचे. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत स्नेह्याबरोबर, त्याचा सेवक म्हणून वेषांतराने ते काही काळ वावरले. दोघांनी मिळून रोमला जाण्याचे ठरविले होते. पाउंड पकडले गेले आणि पुढे आयुष्याची सुमारे तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स मात्र निसटले, रोमला पोचले आणि १५७५ साली येशूसंघात, म्हणजे जेझुइटांच्या संघात, दाखल झाले. १५८१ साली त्याच संघाचे एडमंड कँपियन यांना लंडनमध्ये हाल करून मारण्यात आले. स्टीफन्स मायदेशी राहिले असते तर त्यांच्या वाट्यासही कदाचित तेच येते. स्वतःच्या देशात धर्मासाठी परागंदा झालेला हा माणूस आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल.

१५७९ च्या एप्रिल महिन्याच्या ४ तारखेस लिस्बनहून निघालेले जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. साडेसहा महिन्यांच्या त्या प्रवासाचे वर्णन स्टीफन्स यांनी वडिलांना पत्राने कळविले. ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले आणि हिंदुस्थानच्या वाटेची माहिती म्हणून तेथील व्यापाऱ्यांनी वाचले. हिंदुस्थानात वास्तव्य केल्याची खात्रीलायक नोंद असलेले पहिले इंग्रज हेच, असे मानण्याचा प्रघात आहे. ते व्यापारासाठी आले नव्हते. संघाने त्यांना साष्टी महालात पाठविले आणि मृत्यूपर्यंतची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांची बहुतांशी तेथेच गेली.

साष्टी म्हणताच आमच्या पुष्कळ वाचकांच्या अंतःकरणात काहीतरी हलेल, कारण त्यांची कुलदैवते मूळची तेथली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ ही सारी दैवते १५६० नंतरच्या त्या दशकात अघनाशिनी ओलांडून अंत्रूज महालात गेली. तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. भक्तांनी रात्री-अपरात्री देव हलविले, मागे राहिलेली देवळे पाडली गेली. १५६७ साली एकट्या साष्टीत पाडलेल्या देवळांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. पुराणश्रवण बंद झाले, पोथ्या जप्त झाल्या. धर्मन्यायसभा १५६० पासून गोव्यात बसलेली होतीच. स्टीफन्स साष्टीत आले तेव्हा या गोष्टींना फार वर्षे झाली नव्हती. त्या पाडापाडीत त्यांचा हात नव्हता. परंतु ज्या छत्राखाली ते उभे होते, ते छत्र तेच होते. हे न सांगता त्यांचे चरित्र सांगणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही, आणि एवढेच सांगून थांबणेही न्यायाचे वाटत नाही.

१५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी येशूसंघाच्या पाच जणांस ठार मारले. त्यांत रोदोल्फो आक्वाविवा होते. अकबर बादशहाच्या दरबारी धर्मचर्चेस गेलेले ते हेच. त्यांच्याबरोबरचे ख्रिस्ती लोकही मारले गेले. देऊळ पाडलेल्या जागी क्रूस उभारण्याचा विचार ग्रामस्थांना सहन झाला नाही. नंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावचे सोळा प्रमुख बोलणी करावयाची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि विश्वासघाताने त्यांपैकी पंधरांना मारले. एक नदीत उडी टाकून वाचला. मेलेले पाद्री स्टीफन्स यांचे सहकारी होते. त्या वर्षीच्या २४ ऑक्टोबरला भाऊ रिचर्ड यास लिहिलेल्या पत्रात त्यांनी या प्रसंगाची हकीगत कळविली. त्याच पत्रात एक वेगळीच ओळ येते. या देशातील भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिन भाषांसारखी आहे, असे त्यांचे निरीक्षण आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतचे ग्रीक-लॅटिनशी असलेले नाते १७८६ साली कलकत्त्यात सांगितले आणि त्यातून तौलनिक भाषाशास्त्र उभे राहिले. त्याच्या दोनशे वर्षे आधी, सहकाऱ्यांच्या मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या लेखणीला भाषेचे हे सौंदर्य दिसावे, यावरून त्या मनाची जात कळते.

त्याच वर्षाच्या अखेरीची आणखी एक गोष्ट. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी इत्यादी इंग्रज व्यापारी हेरगिरीच्या संशयावरून पकडून गोव्यास आणले गेले आणि तुरुंगात पडले. हे इंग्रज, स्टीफन्स यांना ज्या राजवटीने देशोधडीस लावले तिचे प्रजाजन. तरीही स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली, जामीन मिळवून देण्यास खटपट केली आणि ते सुटले. तुरुंगातील मनुष्य स्वतःच स्वतःचा जामीन होऊ शकत नाही. बाहेरच्या कोणीतरी त्याच्यासाठी उभे राहावे लागते. ख्रिस्ती तारणविचार समजून घेताना ही साधी लौकिक गोष्ट आम्हांस पुष्कळ उपयोगी पडली.

पुढची वर्षे अध्ययनाची आहेत. साष्टीत घराघरांत कोंकणी बोलली जाई, पण पुराण सांगावयाचे ते मराठीत. स्टीफन्स यांनी दोन्ही आत्मसात केल्या. कोंकणीचे व्याकरण त्यांनी लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली राचोल येथे छापले गेले आणि कोणत्याही हिंदी भाषेचे छापले गेलेले पहिले व्याकरण म्हणून त्याची ख्याती आहे. मराठीतील ओवीचे वळण त्यांनी असे उचलले की, परकेपणा शोधावा लागतो. त्यांच्या साष्टीतील पहिल्या वीस वर्षांत पैठणला नाथमहाराज देहात होते, ही गोष्ट आमच्या मनात नेहमी घोळते. एकाच भाषेत, एकाच छंदात, एक भागवत सांगत होता आणि दुसरा आपले पुराण रचण्याची तयारी करीत होता. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते.

ग्रंथ नागरी लिपीत छापावा अशी त्यांची फार इच्छा होती. १६०८ सालच्या एका पत्रात त्यांनी आपल्या संघप्रमुखांकडे ही गोष्ट काढली आहे. अडचण टंकांची होती. युरोपातील लिपीस चोवीस ठसे पुरत, तर येथे जोडाक्षरे आणि काने-मात्रे धरून सहाशेच्या घरात ठसे पाडावे लागणार होते. ते जमले नाही. १६१६ साली राचोलला पुराण छापले गेले ते रोमन लिपीत. मराठी ओव्या रोमन अक्षरांत वाचणारा तो श्रोतृवर्ग डोळ्यांपुढे आणला म्हणजे मन थोडे विषण्ण होते.

पुराण का रचले, हे त्यांनी ग्रंथारंभीच्या कथेत सांगितले आहे. साष्टीतील देवालयात मुलांना ख्रिस्ती धर्माचे पाठ दिले जात असता एक सुजाण बाटलेला ब्राह्मण पाद्र्यांपाशी येतो. त्याचे म्हणणे असे की, तुम्ही आमची पूर्वीची पुराणे बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही पुराण का करून देत नाही? या विनंतीत केवढी व्यथा आहे! देव गेला, देऊळ गेले, नाव बदलले, तरी संध्याकाळी कोणीतरी कथा सांगावी आणि आपण ऐकत बसावे, ही भूक गेली नाही. आम्ही कीर्तनकार ही भूक ओळखतो. स्टीफन्स यांनीही ती ओळखली, आणि त्यांचे मोठेपण आमच्या मते या ओळखण्यातच आहे. त्यांनी ती भूक पाप मानली नाही. त्या ब्राह्मणाला त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे उत्तर दिले. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्याच्या काळापर्यंत कथा येते. दुसऱ्यात ख्रिस्ताचे जन्म, चरित्र, मरण आणि पुनरुत्थान. आरंभी रीतीप्रमाणे नमन आहे. देवास शब्द आहे परमेश्वर, स्वर्गास शब्द आहे वैकुंठ. मध्येच श्रोता शंका काढतो आणि पुराणिक तिचे निरसन करतो. जुन्या मराठीतील कठीण शब्द टाळून लोकांना कळावे म्हणून कोंकणी शब्द मिसळले आहेत, असे त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत सांगून ठेवले.

आता जे त्यांना सांगावयाचे होते त्याकडे वळू. रोमच्या पाठशाळेत ते जे शिकले होते ते थोडक्यात असे. ईश्वराने मनुष्यास निर्मळ घडविले. आदिपुरुष आदाम आणि आदिस्त्री एवा यांनी त्याची आज्ञा मोडली आणि मानवजातीचे ईश्वराशी असलेले नाते तुटले. त्या तुटलेपणातच पुढचे प्रत्येक मूल जन्मास येते. आमच्याकडे जीव स्वतःचे संचित घेऊन येतो. त्यांच्याकडे तो कुळाचे ऋण घेऊन येतो. दोन वाटा फुटतात त्या येथे. ऋण स्वतःचे असेल तर जन्मोजन्मी का होईना, फेडता येईल. परंतु जन्म एकच आणि ऋण अनंत, असे असेल तर? अकराव्या शतकाच्या अखेरीस सेंट अँसेल्म नावाच्या आचार्यांनी या गाठीचा विचार केला. ज्याच्याविरुद्ध अपराध घडला त्याच्या थोरवीवरून अपराधाचे माप ठरते, आणि ईश्वराच्या थोरवीस अंत नाही. ऋण मनुष्याचे, म्हणून फेडावयाचे मनुष्याने. ते फेडण्याची ऐपत मात्र एका ईश्वरापाशी. तेव्हा जो पूर्ण मनुष्य आहे आणि पूर्ण ईश्वरही आहे, त्यावाचून ते फिटणार नाही. आमच्या मीमांसकांनी मान डोलवावी अशी ही तर्काची बांधणी आहे. बेथलेहेमच्या गोठ्यातील बाळ म्हणजे या तर्काचे मूर्त रूप. म्हणून ख्रिस्ती मनुष्य पाळणा हलवितो तेव्हाही त्या पाळण्यावर क्रूसाची छाया त्याला दिसत असते.

कोपलेल्या देवाने राग शांत करण्यासाठी एका निरपराध्याचा बळी घेतला, असा या कथेचा अर्थ आमचे लोक पुष्कळदा करतात आणि नाक मुरडतात. तो अर्थ बरोबर नाही. ख्रिस्ती शास्त्राप्रमाणे बळी घेणारा आणि बळी जाणारा असे दोन परके पक्ष येथे नाहीतच. ज्याचा अपराध झाला तोच खाली उतरला आणि अपराध्याच्या जागी स्वतः उभा राहिला; तेही स्वेच्छेने, प्रेमापोटी. समुद्रमंथनात हालाहल निघाले तेव्हा ते कोणाच्या वाट्याचे होते? मंथन करणाऱ्या देवदानवांच्या. घेतले कोणी? महादेवाने. नीलकंठाची ही कथा ज्या घरात सांगितली जाते, त्या घराला ख्रिस्ताच्या क्रूसाचे मर्म अगदीच अनोळखी वाटू नये. श्रीहर्षाच्या नागानंद नाटकातील जीमूतवाहन शंखचूड नागाऐवजी स्वतः गरुडापुढे वध्यशिलेवर बसतो, तेही येथे आठवावे.

तरी साम्य दाखविण्याच्या भरात भेद पुसू नये. जीमूतवाहनाने निरपराध नागासाठी प्राण दिला. ख्रिस्ताने अपराध्यांसाठी दिला, आणि आपल्याला खिळे ठोकणाऱ्यांसाठीही क्षमा मागितली. आमचा अवतार साधूंच्या रक्षणासाठी आणि दुष्टांच्या निर्दालनासाठी येतो. येथे दुष्टांचेच तारण करावयाचे आहे आणि हातात शस्त्र नाही. आमचे अवतार युगायुगांत होतात. हा जन्म एकदाच, रोमन बादशाहीतील एका ठरावीक सुभेदाराच्या अमदानीत झाला आणि ते मरण सर्व काळासाठी पुरेसे मानले गेले. तिसऱ्या दिवशी तो मरणातून उठला, म्हणजे ऋणाचा कागद फाटला. आता प्रत्येकाने तो लाभ श्रद्धेने, बाप्तिस्म्याने आणि पश्चात्तापाने आपलासा करावयाचा आणि त्यास साजेसे आचरण ठेवावयाचे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ पर्यंत चाललेल्या अधिवेशनांत मनुष्याच्या या सहकार्यावर भर दिला होता, आणि स्टीफन्स त्याच शिकवणीत वाढले होते.

मग एकाचे पुण्य दुसऱ्यास कसे पोचते? कर्मसिद्धान्ताच्या काटेकोर हिशेबात ते पोचत नाही, आणि स्टीफन्स यांच्या श्रोत्यांना अडखळविणारी जागा हीच असली पाहिजे. पण आम्ही विचारतो, आमच्या घरांत तरी तो हिशेब इतका काटेकोर आहे काय? श्राद्धात पुत्राने दिलेले पितरांस पोचते. कीर्तनात अजामिळाचे आख्यान लागते तेव्हा कर्मसिद्धान्त घटकाभर बाजूस बसतो आणि नाम पुढे येते. पतितपावन या बिरुदात ऋण माफ होण्याचीच गोष्ट आहे. जेथे सर्व साधन संपते तेथे कोणीतरी हात देतो, ही आशा भक्तिमार्गाने कधीच सोडली नाही. स्टीफन्स यांनी भक्तीच्या भाषेचा आश्रय केला तो काव्याच्या सोयीसाठी नसावा. तारणाची कथा न्यायाच्या परिभाषेत सांगितली तर पटते, पण भिडते ती भक्तीच्या भाषेत, हे त्यांना उमगले होते असे आम्हांस वाटते.

आणि येथेच त्यांच्या आयुष्यातील मोठी विसंगती उभी राहते. शिष्याने उपसलेली तलवार म्यान करावयास लावणारा, सत्तेच्या हातून मेलेला तो तारणारा. त्याची कथा साष्टीत सांगितली गेली ती सत्तेच्या आधाराने. इंग्लंडात राजसत्तेने धर्म लादला म्हणून देश सोडणाऱ्या स्टीफन्स यांना ही विसंगती टोचली असेल काय? त्यांच्या ओव्यांत ती तक्रार नाही. पण श्रोत्याच्या तोंडी त्यांनी ती पहिली विनंती घातली आणि आमची पुराणे बंद झाली हे त्याच्याकडून ग्रंथारंभी बोलवून घेतले, हे विसरता येत नाही. वाटते तर ते वाक्य गाळणे त्यांच्या हातात होते.

१६१९ साली गोव्यात स्टीफन्स यांचे निधन झाले. वय सत्तरीच्या आसपास. १६४९ आणि १६५४ साली पुराण पुन्हा छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेविरुद्धच फर्मान काढले आणि ज्या भाषेत ख्रिस्त साष्टीच्या घरांत पोचला होता, ती भाषाच नकोशी झाली. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण जगले ते हस्तलिखितांत आणि कंठात. ख्रिस्ती कुटुंबे गोवा सोडून कानडा मुलखात गेली तेव्हा त्यांनी ते बरोबर नेले. देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडणाऱ्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. मंगळूरच्या बाजूस मिळालेल्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते प्रसिद्ध केले, अर्थात रोमन लिपीतच.

नागरी अक्षरांतील प्रतही निघाली, आणि ती लंडनमध्ये. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातील ते हस्तलिखित विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांच्या दृष्टीस पडले. अ‍ॅबट म्हणजे आमच्या संतांची चरित्रे इंग्रजीत नेणारे अमेरिकन मिशनरी. त्या प्रतीतील मराठी अधिक संस्कृतप्रचुर आहे, त्यामुळे मूळ पाठ कोणता याविषयी विद्वानांत अजून वाद चालतो. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी हे पुराण पुण्याहून देवनागरीत आणले. लेखकाने सहाशे ठशांचा हिशेब मांडला त्याला तेव्हा ३४८ वर्षे झाली होती.